फरशी ओली होईल म्हणून

साखळी ओढली, तरी पाणी आलं नाही.

लतिकाबाईंनी ती पुन्हा ओढली, मग दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकून ओढली. डोक्यावरचा, अपघातासाठी प्रयोगशाळेत बसवलेला पिवळा शॉवर हलला, कुरकुरला आणि कोरडाच राहिला. खाली त्यांची विद्यार्थिनी काजल उजवा हात अंगापासून लांब धरून उभी होती. सल्फ्युरिक ॲसिडची बाटली तिच्या हातून निसटून ओट्यावर फुटली होती आणि ॲप्रनची बाही डोळ्यांदेखत विरत चालली होती. "मॅडम, पाणी," एवढंच ती म्हणत होती. शॉवरखाली उभं राहायचं, साखळी ओढायची, पाणी येतं, हे तिला बाईंनीच शिकवलं होतं. म्हणून पोरगी जागची हलली नाही. ती पाण्याची वाट बघत होती.

बेसिनच्या नळाला करंगळीएवढी धार. शेवटी साफसफाई करणाऱ्या मैनाबाईंनी बाहेरचा पिण्याच्या पाण्याचा कॅन उचलून आणला आणि काजलच्या अंगावर उपडा केला, मग दुसरा, मग तिसरा. डोळे वाचले, ते गॉगलमुळे. गॉगलशिवाय बाई कुणाला प्रयोगशाळेत पाऊल टाकू देत नसत. हात आणि मान मात्र वाचले नाहीत.

उमरेड रोडवरच्या त्या कॉलेजात लतिका निमजे केमिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला गुणवत्ता व्यवस्थापन शिकवत. विषय असा की भल्याभल्यांना जांभया याव्यात. मानकं, कार्यपद्धती, ऑडिट. पोरं त्याला 'कागदांचा तास' म्हणत आणि मागच्या बाकावर सुखाने डुलक्या घेत. बाईंचा मात्र त्यात जीव होता. विणकराघरची लेक, एक धागा चुकला तर वीतभर विणलेलं उसवायचं, हे बाळकडू घरातच मिळालेलं. मानक म्हणजे भिंतीवरची प्रमाणपत्राची फ्रेम नव्हे, असं त्या दर वर्षी बजावत. ऑडिटला गेलात तर दाखवतील त्यावर विसंबू नका, स्वतः हात लावून बघा, हेही सांगत. फ्रेम तेवढी प्राचार्यांच्या खुर्चीमागे टांगलेली होती, आणि ती मिळवण्यात बाईंचाच मोठा वाटा होता.

ॲम्ब्युलन्स गेली. बाई प्रयोगशाळेत परतल्या, स्टुलावर चढल्या आणि शॉवरच्या वरचा खोट्या छताचा पत्रा त्यांनी ढकलला. शॉवरचा पाइप छतातून हातभर वर गेला होता आणि तिथेच संपला होता. त्याच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबलेला होता. पाण्याची लाइन पलीकडच्या भिंतीवरून निवांत निघून गेली होती. या पाइपाशी तिची कधी गाठच पडली नव्हती.

बाई स्टुलावरून उतरल्याच नाहीत. मैनाबाई खाली काचा गोळा करत होत्या. "मॅडम, उतरा न वं खाली, पडसान," त्या दोनदा म्हणाल्या. बाईंना ऐकू गेलं नाही. त्यांना दुसरंच काही ऐकू येत होतं, आणि तो आवाज त्यांचा स्वतःचा होता.

मागे मानांकनाची समिती आली होती तेव्हाची गोष्ट. कॉलेज नवरीसारखं नटलेलं, कुंड्या भाड्याच्या, शॉवर त्याच आठवड्यात लागलेला. समितीतल्या एका वयस्कर सदस्यांनी चालता चालता साखळीकडे हात नेला. बाई हसून म्हणाल्या, "सर, राहू द्या. आत्ताच पुसलीय, फरशी ओली होईल." सगळे हसले. सदस्यही हसले आणि त्यांनी हात मागे घेतला. खोटं कुणीच बोललं नव्हतं. पाणी येणार याबद्दल बाईंना तीळमात्र शंका नव्हती. त्यानंतर आजवर ती साखळी कुणीही ओढली नाही. फरशी कोरडी राहिली.

प्राचार्यांनी संध्याकाळपर्यंत लाइन जोडून घेतली, माणूस तत्पर. बाईंना त्यांनी हळूच समजावलं की अपघाताच्या वेळी टाकी रिकामी होती, असंच सगळ्यांनी सांगायचं ठरलंय. उगाच कॉलेजचं नाव जायला नको. बाई उठून निघाल्या, आणि तो होकारच, असं प्राचार्यांनी गृहीत धरलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात काजलचे वडील भेटले. चंपतराव, सावनेरकडचे, कापसाची शेती. बाईंना पाहताच ते बाकावरून उठले आणि त्यांनी हात जोडले.

"तुमी होत्या म्हनून पोट्टी वाचली, मॅडम. डोये शाबूत हायेत. आता टाकीचं म्हनसान, तं टाकी कोनाचीही रिती होते."

इथे मान हलवली असती तरी भागलं असतं.

"टाकी भरलेली होती," त्या म्हणाल्या. "शॉवरचा पाइप लाइनला जोडलेलाच नव्हता. तपासायला आलेला माणूस साखळी ओढणार होता. त्याला मी थांबवलं. फरशी ओली होईल म्हणून."

चंपतराव बघतच राहिले. जोडलेले हात तसेच होते. मग ते हळूहळू सुटले आणि दोन बाजूंना लोंबले. बाईंना वाटलं, आता हा माणूस ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"हे मले काहून सांगून राहिल्या?" त्यांनी विचारलं.

चंपतराव खिडकीकडे वळले. मागे न वळताच ते म्हणाले, "पोरीले नका सांगू. निदान पट्ट्या निघेपर्यंत तरी. तिचा लय भरोसा हाय तुमच्यावर."

आतून काजलचा आवाज आला, औषधाने जडावलेला. मॅडम आल्या का, असं ती विचारत होती.

"हाव, आल्या," चंपतराव म्हणाले, आणि त्यांनी दार उघडून धरलं. बाईंकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

लतिकाबाई आत गेल्या. काजल त्यांना पाहून हसली आणि बँडेज बांधलेला हात, जमेल तेवढा, नमस्कारासाठी उचलू लागली.