दमयंतीचा उखाणा

"आवाज बारीक कर," दमयंती म्हणाली. शेजारच्या मालनने केला नाही.

पडद्यावर मालिकेतली दोन जोडपी. महिनाभर नवरे-बायका बदलून राहायचं, असा त्या चौघांचा खेळ, आणि आज त्याचा पहिला दिवस. समर्थची बायको राही बॅग घेऊन विनीतच्या दारात उभी होती. विनीत आडवा हात धरून म्हणाला, "नाव घे, मग आत ये."

राही हसली.

"सुटला धक्का, भरलं वाऱ्यानं शीड,
विनीतरावांचं नाव घ्यायला आता कसली भीड."

मालनचा हात शेंगांच्या सुपातच राहिला. "गो बाय, ह्यो तर तुझा. तुझा उखाणा चोरलान तिनं."

*मागील भागात:*

लग्नाच्या आदल्या दिवशी दमयंतीने तो स्वतः जुळवला होता. तिचा होणारा नवरा विठू तेव्हा नुकताच बोटीवर खलाशी लागलेला. अठ्ठावीस वर्षं प्रत्येक हळदीकुंकवाला तोच. मिरकरवाड्यातल्या दुसऱ्या कुठल्याच बाईने तो कधी म्हटला नाही. ज्या बाईने उखाणा रचला, तो तिचा, हे कुणी न सांगता पाळलं जायचं.

मालिकेचं युनिट टेकडीवरच्या बंगल्यात उतरलं आणि जेवणाच्या डब्यांचं काम दमयंतीकडे आलं. लेखिका मनस्वी सुरमईचा काटा काढत म्हणाली होती, "मावशी, इथला एखादा अस्सल उखाणा सांगा ना."

तिने सांगितला. लाजत. लिहून घेता यावा म्हणून दोनदा.

*आजच्या भागात:*

"अहो मावशी, उखाणे काय, सगळ्यांचेच असतात," बंगल्यावर मनस्वी म्हणाली. "आणि सीन किती गाजलाय बघा."

"गाजू दे. तुमच्या चौघांनी कोनाबरोबर ऱ्हायचा ता ऱ्हावा, मी कोन सांगनार? पन माझ्या घोवाच्या जागी दुसरा बाप्या बसवलात. ता पन माझ्याच तोंडचा उखाणा घेऊन. इचारलात मला?"

"ते सगळं खोटं असतं हो."

"माझा खरा होता."

मनस्वीने मोबाइलकडे पाहिलं. दमयंतीने डबे टेबलावर ठेवले, कालचे रिकामे उचलले. "उद्यापासून जेवनाचा दुसरीकडे बघा."

*जाहिरात नाही. थेट मालनचं हळदीकुंकू.*

"दमयंती, नाव घे गो."

"कोनाचा घेतंस?" कोपऱ्यातून चिमा म्हणाली. "विनीतरावांचा?"

बायका हसल्या. मालनसुद्धा, तोंडावर पदर धरून.

अंगणापलीकडे स्वतःच्या पडवीत विठू जाळं विणत बसला होता. गुडघे गेल्यापासून तो बोटीवर जात नव्हता. मालिकेबद्दल त्याने घरात एक शब्द काढला नव्हता. फक्त ती लागायच्या वेळी उठून पडवीत जायचा.

धक्का, शीड, वारा, सगळं दमयंतीच्या जिभेवर आलं. पण आवाज राहीचा येत होता.

तिने ते गिळलं. मान वर केली.

"विठू," ती म्हणाली.

मागे काही नाही, पुढे काही नाही. राव नाही. असं नुसतं नाव तिने अठ्ठावीस वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं.

कुणी हसलं नाही. पलीकडच्या पडवीत जाळ्यातली सुई थांबली.