देवाला सोडलेला सिदू

निजामाच्या अमलात चकलांब्याच्या धुळाजी धनगराची मेंढरं इतकी होती, की पुढचं मेंढरू उमापुरात पाणी पिऊन ढेकर द्यायचं तेव्हा मागचं चकलांब्यात जागं व्हायचं. मी त्याच्याकडं राखणीला होतो; खोटं वाटत असलं तर मेंढरांना विचारा.

धुळाजीचा धाकटा भाऊ सिदू. तिरपे डोळे, बसकं नाक, आखूड बोटं, तळहातावर एकच आडवी रेघ. जन्मला तेव्हाच सुईण म्हणाली, जगायचं न्हाई. म्हणून आई बायडाबाईनं त्याला बिरोबाला सोडलं, मेंढा सोडतात तसं. सोडलेल्या मेंढ्याला कातर लावायची नाही, दवा द्यायची नाही. त्याचं देव बघतो. सिदू मात्र चाळिशीला आला. जटा कानांवरून खांद्यावर उतरल्या. त्यांत दोन चिमण्यांचे संसार झाले असं मी सांगतो, तुम्ही एकच धरा.

मग तो हाकेला वळेना. जेवण तुटलं. बसला की बसलाच. त्यातच बायडाबाई गेली. सांगितलं, तरी रडला नाही. लोक म्हणाले, होती ती अक्कलबी गेली.

"कळप चरायला गोदेकाठी, गंगथडीला हलला की ह्याला देवळात बसवू," धुळाजी म्हणाला. "देवाचा हाय, देव बघंल."

"आन भाकर? ती बी देवच थापंल व्हय?" बहीण रतनबाई बोलली. आई गेल्यापासून तिचा आवाज असाच, ना रागाचा, ना रडण्याचा. "हकिमाकडं न्हेते त्याला."

"सोडलेल्याला दवा? बिरोबा कोपंल, रतने!"

"मंग सोडलेला ठिवतच न्हाई."

लोकर कातरायचा दिवस होता. तिनं सिदूला मेंढीसारखं गुडघ्यांत धरलं आणि कातर चालवली. आभाळ कोसळंल म्हणून मी डोक्यावर घोंगडी ओढली. नुसतं ऊन पडलं.

"कातरला, आता घरचा झाला," ती म्हणाली. कातरलेलं जित्राब ज्याचं त्यानंच सांभाळायचं, हा रिवाज धुळाजीच्याच तोंडचा.

उमापूरच्या हकीमसाहेबांनी रोज कोमट तेल घालून कान मोकळे केले. सुपारीएवढा मळ निघाला. मी नारळ सांगणार होतो, पण सुपारीच होती.

"अक्कल जागेवर हाय बाई इसकी, कान बंद थे," हकीम म्हणाले. "अशा माणसाचे कान, डोळे, छाती जन्मभर बघत राहावं लागतं. दरसाल आणत जा."

आठवडाभरानं दोघं परत आले तेव्हा सांज होत होती. पाठीमागं कोकरू ओरडलं, सिदू वळला. "सिद्या, ये!" धुळाजीनं हाक मारली, तो पुन्हा वळला, हसला. मग मान वाकडी करून बराच वेळ ऐकत राहिला.

"आय का बोलंना?" त्यानं विचारलं. "कुठं हाय?"

तेव्हा कळलं, आई गेल्याचं त्याला ऐकूच गेलं नव्हतं.

धुळाजी मेंढरं मोजायला लागला. रतनबाई सिदूसमोर बसली. तोंडाकडं बघ म्हणाली, आणि सांगितलं. त्याच सपाट आवाजात, एकदाच.

सिदूनं दोन्ही हात कानांवर ठेवले. रतनबाईनं ते काढले नाहीत.