अर्ध्या कपाचा नियम

“बटरस्कॉच शेवटी,” ती म्हणाली. “त्याच्याही खाली जागा असेल तर त्याच्या खाली.”

“कारण?”

“कारण कशाला हवंय? घाण आहे.”

“घाण हे कारण झालं नाही. ते मत झालं.” नवऱ्याने लाल पेन कागदावर टेकवून धरलं होतं. “आणि तू एकच चमचा खाल्लास. अर्धा कप पोटात गेल्याशिवाय मत धरलं जाणार नाही. नियम म्हणजे नियम.”

“तुमचे नियम घाला चुलीत.”

“घालतो. आधी खा.”

तिने डोळे वटारले आणि कप पुढे ओढला. त्याला बोलायला जागा मिळू नये म्हणून ती रागारागाने चमच्यामागून चमचा गिळत गेली. प्रत्येक घोटाला घशात काच फिरल्यासारखं होत होतं. अर्ध्यावर आल्यावर तिने कप आपटला. “शेवटीच. आता कारणही लिहा. जळक्या वायरसारखा वास येतो.”

“जळक्या वायरसारखा,” त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं.

टेबलावर पुडिंगचे कप ओळीने मांडलेले होते. व्हॅनिला, चॉकलेट, केळं, कॅरमेल, बटरस्कॉच. दुकानात अगदी खालच्या फळीवर असतात तसले स्वस्तातले. झाकणाचा कागद ओढला की हमखास अर्ध्यात फाटणारे. दुपारी चार वाजले की तो हे दुकान मांडायचा आणि ती नंबर लावायची. तीन आठवडे हे चाललं होतं आणि पहिला नंबर अजून कोणालाच मिळाला नव्हता.

एकतीस वर्षं तिने एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर काढली होती. दिवसभर इतरांचे आवाज इतरांना जोडून द्यायचे, मधे आपण बोलायचं नाही. निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी घशात गाठ निघाली. तीस वेळा रेडिएशन झालं. गाठ गेली, पण आवाज जाड्या पत्र्यावर खिळा ओढावा तसा झाला. डॉक्टर म्हणाले, मऊ आणि थंड असेल तेच द्या, पण पोटात गेलंच पाहिजे. वजन आणखी दोन किलो उतरलं तर नाकातून नळी. नळीचं नाव निघाल्यावर ती लेकीचा हात धरून म्हणाली होती, त्यापेक्षा मला मरू दे.

आणि तरीही ती जेवत नव्हती. कारण तिला चव लागतच नव्हती.

हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. रेडिएशनच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी चहा कोमट पाण्यासारखा लागला. त्या दिवसापासून जिभेवर काहीही ठेवलं तरी ओला पुठ्ठा. सांगून काय करायचं? घरात सांगण्यासारखा माणूस एकच, आणि तो कसला! छापखान्यात अडतीस वर्षं प्रुफं तपासलेला. तिथे त्याला सगळे ‘लाल पेन’च म्हणायचे. जेवायला बसला तरी तो प्रूफच वाचत असे. रस्सा पातळ. भात एक शिटी जास्त. कालच्यापेक्षा बरं, परवाच्यापेक्षा नाही. एकेचाळीस वर्षांत ‘छान झालंय’ हे दोन शब्द तिने त्याच्या तोंडून ऐकले नव्हते. तिची आई गेली, त्या दिवशी ती तिसऱ्या प्रहरी घरी परतली, डोळे पुसले आणि कुकर लावला. तो पहिला घास खाऊन म्हणाला, “मीठ विसरलीस.” ते वाक्य तिने जपून ठेवलं होतं, एखादीने दागिना जपावा तसं.

म्हणून तो पहिल्यांदा तीन कप घेऊन आला आणि म्हणाला, “यातलं बरं कुठलं तेवढं सांग, तेच आणत जाईन,” तेव्हा तिला खायचं काही कौतुक वाटलं नाही. पण नंबर लावायला मिळणार, या कल्पनेने तिच्या अंगात बऱ्याच दिवसांनी जीव आला. ती म्हणाली, “एकही बरं नाही. दुसरीकडचं आणा.”

मग त्याला दुसरीकडे धाडणं हाच तिचा उद्योग झाला. कोपऱ्यावरच्या दुकानातलं व्हॅनिला खडूसारखं, म्हणून पुलापलीकडचं आणा. पुलापलीकडचं केळं बँडेजसारखं, म्हणून बस बदलून स्टेशनजवळचं आणा. त्याचे पाय सुजले. तो बुटांच्या नाड्या सैल सोडून जाऊ लागला, पण गेला. आल्यावर धापा टाकत कप मांडायचा आणि वर तोऱ्यात सांगायचा, “अर्धा कप. त्याशिवाय मत नाही.” तिचा संताप व्हायचा. इतकी वर्षं हा माणूस एका घासात निकाल देत होता, आणि माझ्यासाठी अर्धा कप!

त्या रविवारी लेक आली. ती शाळेत शिकवते. घरातही तिचा आवाज वर्गातला असतो. स्टेशनजवळचा स्ट्रॉबेरीचा कप त्या दिवशी नवा होता. लेक पर्स ठेवेपर्यंत आईने तो निम्म्याच्या वर संपवला होता, आणि लेकीसमोर बापाला जरा जास्तच खिजवावं म्हणून ती म्हणाली, “हा पहिला. घ्या, मिळाला तुम्हाला पहिला नंबर. कॅरमेल दुसरं, बाकी सगळी नापास.”

“अरे वा, बघू तरी,” म्हणत लेकीने चमचा घातला. पुढच्या क्षणी ती सिंककडे धावली आणि थुंकली.

“आई! आंबलंय हे! अगं, वास बघ ना! तू एवढं सगळं खाल्लंस?”

लेकीने कप वर धरून तळाची तारीख पाहिली आणि तो टेबलावर ठेवला. तारीख ठीक होती. झाकणाला कडेला बारीक भोक होतं. “बाबा, उघडताना बघता येत नाही? हिला विषबाधा झाली म्हणजे?” ती फोनवर डॉक्टरांशी बोलली. उलट्या-ताप आला तर लगेच आणा, नाहीतर काळजी नको, असं ते म्हणाले. फोन ठेवून ती आईसमोर येऊन बसली.

“आई, खरं सांग. तुला चव लागत नाही ना?”

“नाही.”

“कधीपासून?”

तिने तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघराच्या दारातून उत्तर आलं. “तिसऱ्या आठवड्यापासून. चहा अर्धा टाकलास त्या दिवसापासून.”

ती गर्रकन वळली. “तुम्हाला माहीत होतं?”

“तुला बाहेर बसवून मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, जाते चव. काहींची येते परत, काहींची नाही.”

“आणि रोज माझ्याकडून नंबर लावून घेत होतात? जळक्या वायरसारखा, बँडेजसारखा, ते लिहून घेत होतात? मजा बघत होतात माझी?”

“मजा कसली?” तो अजून दारातच उभा होता. “नुसतं ‘खा’ म्हटलं असतं तर खाल्लं असतंस? ‘खा’ म्हटल्यावर तू भिंतीकडे तोंड करून पडायचीस. भांडायला लागलीस की उठून बसायचीस. माझ्यावर सूड उगवायचा म्हणून का होईना, रोज अडीच-तीन कप जायचे पोटात. मला तेवढे हवे होते.”

लेकीचे डोळे भरून आले. “बाबा...” ती म्हणाली.

आईचे डोळे कोरडेच होते. “तू मधे पडू नकोस,” ती लेकीला म्हणाली, आणि खरखरत्या आवाजात सावकाश, एकेक शब्द सुटा करून तिने नवऱ्याला विचारलं, “माझी आई गेली, त्या दिवशी मी स्वयंपाक केला होता. तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतंय?”

त्याने आठवून पाहिलं. मग म्हणाला, “मीठ नव्हतं त्यात.”

“हो का?”

“नव्हतंच. खोटं कशाला बोलू?”

तिने समोरचा तोच कप उचलून त्याच्यावर फेकला. गुलाबी पुडिंग त्याच्या सदऱ्यावरून ओघळत खाली आलं. तो ते बोटाने निपटत उभा राहिला. “पण ते बोलायला नको होतं,” तो म्हणाला. “हे मला आत्ता कळतंय असं नाही. कळलं होतं लगेच. मग सांगायचं राहून गेलं.”

“आता सांगून उपयोग नाही,” ती म्हणाली. “ते मी माफ करणार नाही.”

“बरं.”

ताप आला नाही, उलटीही झाली नाही. सोमवारी इस्पितळात वजनाची तारीख होती. ती काट्यावर उभी राहिली. तो भिंतीवरचा तक्ता वाचत होता, किंवा तसं दाखवत होता. नर्स म्हणाली, “दीडशे ग्रॅम वाढलंय, काकू. नळीचं बघू पुढच्या महिन्यात. बहुतेक लागणार नाही. काय देता हो काका यांना?”

ती काट्यावरून उतरून चपला पायात सरकवू लागली.

परतताना बस स्टेशनाशी थांबली. तो सवयीने उतरला, तीही उतरली. आजवर ती स्टेशनजवळच्या त्या दुकानात कधी आली नव्हती. थंड कपाटासमोर ती बराच वेळ उभी राहिली. तो मागे, चार पावलांवर. खालच्या फळीवर कप दाटीवाटीने रचलेले होते, पिवळे, तपकिरी, गुलाबी.

“कुठलं घेऊ?” त्याने विचारलं.

“पिवळं, व्हॅनिलाचं. एकच.”

“एकाने काय होणार? नंबर कसा लावणार?”

“मी नाही लावणार. तुम्ही खायचंय.”

दुकानाबाहेर उन्हात एक बाक होता. दोघं त्याच्या दोन टोकांना बसली. त्याने झाकण ओढलं, ते अर्ध्यात फाटलं. उरलेलं त्याने नखाने सोललं.

“हं,” ती म्हणाली. “सांगा कसं लागतंय.”

त्याने एक चमचा तोंडात घेतला. “गोड.”

“गोड मलाही माहीत आहे. नीट सांगा.”

“थांब जरा.” त्याने दुसरा चमचा घेतला, जिभेवर धरून ठेवला. रस्त्यावरून एक ट्रक गेला. “आधी गोड लागतं. मग दुधासारखं, पण दूध नव्हे, दुधाचं भांडं विसळलेलं पाणी असतं ना, तसं. आणि शेवटी घशाशी काहीतरी चिकटून राहतं. मेणासारखं.”

“आणि व्हॅनिला?”

“व्हॅनिला कुठे सापडत नाही.” त्याने तिच्याकडे पाहिलं. “खरं सांगू?”

“नाहीतर काय खोटं सांगणार?”

“वाईट आहे गं. अगदीच वाईट आहे.”

त्याने कप खाली ठेवायला हात पुढे केला.

“अर्धा झाला नाही अजून,” ती म्हणाली.

त्याने कप पुन्हा उचलला. अर्धा झाला तरी तो थांबला नाही. प्लॅस्टिकचा चमचा तळाला घासून कर्रकर्र वाजू लागला. ती त्याच्या तोंडाकडे बघत बसली होती, कप पूर्ण रिकामा होईपर्यंत.