तीन सुतांची पट्टी

शंतनुची गाडी म्हणजे त्याच्या आजोबांची, अण्णांची डुक्कर फियाट. गोल पाठीच्या त्या गाडीला मुंबईत सगळे हेच म्हणत आले, खुद्द अण्णाही म्हणत. शंतनुला ते चालत नाही. तो तिला 'मिलेचेंतो', म्हणजे इटालियनमध्ये 'अकराशे', म्हणतो आणि म्हणताना तोंडात पेढा धरल्यासारखे ओठ गोल करतो. लहानपणी याच गाडीच्या सीटवर कुल्फी सांडून अण्णांचा धपाटा खाल्लेला हा माणूस. आता आम्ही वाडीतले कुणी बॉनेटला नुसते टेकलो तरी तो खिशातून मऊ फडकं काढतो.

अण्णा गेल्यावर गाडी त्यांच्या लेकीच्या, नलूताईच्या नावावर झाली. नलूताई शंतनुची आत्या, पहिल्या मजल्यावर एकटीच राहते. वय चौऱ्याहत्तर. उजवा डोळा काचबिंदूनं गेला, डावाही त्याच वाटेला लागलाय. डॉक्टरांनी सांगितलं, दिवाळीपर्यंत जे बघायचं ते बघून घ्या. तिनं काशी मागितली नाही की रामेश्वर मागितलं नाही. अण्णांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून एकदा चौपाटीला वळसा घालायचा आणि खिडकीतून समुद्र बघायचा, एवढंच.

पाडव्याला शंतनु म्हणाला, हो आत्या, फक्त गाडी जरा रिस्टोअर करू दे. मे महिन्यात इंजिन बोलायला लागलं. आषाढात रंग लागला, दुधावरच्या सायीचा. नलूताईनं त्या दिवशी ठेवणीतली साडी काढून ठेवली. मग शंतनुला पट्टीचं वेड लागलं.

छपराच्या कडेनं पावसाचं पाणी वळवायला बारीक पन्हळ असते, तिच्यावर एक चकचकीत पट्टी बसते. डाव्या बाजूला ती होती, उजव्या बाजूला नव्हती. एका भुवईच्या माणसाला लग्नाला उभं करत नाहीत, तशी शंतनुनं गाडी ताडपत्रीखालून बाहेर काढायची नाही असं ठरवलं. त्याचा जुन्या गाड्यांचा एक ग्रुप आहे. तिथली माणसं एकमेकांच्या गाड्यांचे स्क्रू तपासतात आणि हळहळतात. पट्टी ओरिजिनलच हवी, असा त्यांचा निकाल आला. इटलीतल्या कुणा संग्राहकाकडे ती सापडली. गौरी आल्या, गौरी गेल्या. नलूताई रोज गॅलरीत उभी राहून ताडपत्रीखालच्या गाडीकडे बघायची. एका सकाळी कठड्याला टेकून ती हलक्या आवाजात म्हणाली,

मखरात बसविली भाच्यानं गाडीराणी,
चाकाला माती नाही, पोटातलं हलेना पाणी.

आम्ही हसलो. शंतनु खालून म्हणाला, "छान आहे आत्या," आणि फोनमध्ये डोकं घातलं.

अनंत चतुर्दशी उलटल्यावर पट्टी आली. शंतनुनं हातमोजे घालून ती उचलली आणि छपरावर टेकवली. दोन्ही टोकं बसली की मधोमध पट्टी पन्हळीत शिरेना. मधे दाबली की टोकं हवेत. फरक तीन सुतांचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाच्या तिप्पट. शंतनुचा चेहरा असा झाला, जणू इटलीनंच शब्द फिरवला. मग त्यानं करी रोडच्या जयवंतला बोलावलं. जयवंत चाळीस वर्षं गाड्यांचे पत्रे सरळ करतो.

जयवंतनं पट्टीकडे बघितलंसुद्धा नाही. छपरावरून तळहात फिरवला आणि हसला. मग त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं. शहाऐंशी सालच्या गोविंदात लालबागचं पथक आमच्या वाडीत हंडी फोडायला आलं होतं. पाचव्या थरावरून जो पडला तो हाच, आणि पडला तो अण्णांच्या गाडीवर. छपराची कढई झाली. अण्णांनी त्याच गाडीत घालून त्याला हॉस्पिटलात नेलं. हाताचं प्लास्टर निघाल्यावर बोलावून घेतलं आणि म्हणाले, तू चेपलंस, तूच उचल. संपानंतर बापाची गिरणी बंद, याच्या हाताला काम नव्हतं. चुलत्याची हातोडी मागून आणली आणि अकरा दिवस ठोकत बसला. छप्पर वर आलं ते उजवीकडे तीन सूत जास्तच आलं. जुनी पट्टी बसेना म्हणून भंगारात गेली. अण्णा उंच, त्यांचं डोकं त्या दिवसापासून छपराला लागेनासं झालं. ते खूश. त्या अकरा दिवसांतूनच जयवंतचा धंदा उभा राहिला.

शंतनुनं हे सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, की मग ते तीन सूत खाली बसवता येतील ना.

"टोपी बसत नाय म्हणून डोकं तासायचं, शंतनुशेठ?" जयवंत म्हणाला. "दुसऱ्या कोणाला सांगा. माझ्या हातून व्हायचं नाय."

शंतनुनं ग्रुपला फोन लावला. तिथल्या जाणकारांनी उपाय दिला: पुण्याला गाडी न्यायची, छप्पर कापायचं, कारखान्याच्या मापाचं नवीन घालायचं. चार महिने. ओरिजिनल पट्टीसाठी गाडीचं ओरिजिनल छप्पर फेकायचं, आणि यात काही चुकतंय असं त्या शहाण्यांपैकी एकालाही वाटलं नाही.

नलूताई जिना उतरून खाली आली. एकेक पायरी पायानं चाचपत आली, म्हणून वेळ लागला.

"चार महिन्यांनी मी गाडी हातानं चाचपून बघायची का रे?"

"आत्या, पण अशी अर्धवट गाडी बाहेर काढली तर लोक बघतील."

"त्यांना दिसतंय ना? बघू देत. मला समुद्र बघायचाय." मग ती जयवंतकडे वळली. "तुला किती वेळ लागेल?"

"दुपार," जयवंत म्हणाला.

त्यानं पन्हळीवर शिशाची मऊ तार दाबून छपराच्या बाकाचं माप उचललं. स्वतःकडची साधी पितळेची पट्टी त्या तारेबरहुकूम वाकवली, लाकडी हातोडीनं बोटबोटभर पुढं सरकत पन्हळीवर बसवली आणि घासून लखलखीत केली. शंतनु बाजूला उभा राहून पुटपुटला, की ही तर डुप्लिकेट.

"डुप्लिकेट कशाची?" जयवंतनं हातोडी खाली ठेवली. "ह्या छपराची पट्टी जगात दुसरी झालीच नाय."

चार वाजता नलूताई ठेवणीतली साडी नेसून पुढच्या सीटवर बसली. स्टेअरिंगवर जयवंत. गाडी वाडीच्या तोंडाशी गेली तेवढ्यात शंतनु मागून धावला आणि त्यानं काचेवर टकटक केलं. आम्हाला वाटलं, उमगलं असेल लेकराला काहीतरी.

"आत्या," तो म्हणाला, "काच वरखाली करू नकोस हं. ओरिजिनल आहे."

नलूताईनं हँडल फिरवून काच तळापर्यंत खाली केली, कोपर बाहेर टेकवलं आणि जयवंतला म्हणाली, "चल."

दिवेलागणीला ती परतली. केस वाऱ्यानं विस्कटलेले, पदरावर शेंगांची टरफलं. आम्ही सगळे गॅलरीत जमलो आणि विचारलं, कसा होता समुद्र?

"गढूळ," नलूताई तृप्तपणे म्हणाली. "अगदी गढूळ. कडेला एक फाटकी चप्पल तरंगत होती, तिचा अंगठासुद्धा दिसला."