दिवे नसलेलं कोठार

रेमझी त्या दिवशी चौथ्यांदा खाली उतरत होता. सत्तावीस वर्षं तो तुर्कस्तानात, कापादोकियातल्या या भुयारी शहरात लोकांना फिरवत आला होता. आता पायरीगणिक गुडघे कुरकुरत. तबेला, द्राक्षं तुडवायचं टाकं, दार बंद करायचा जात्यासारखा गोल, अवजड धोंडा, आणि प्रत्येक ठिकाणचा ठरलेला विनोद. लोक हसत, त्याला मात्र स्वतःच्याच आवाजाचा वीट आला होता.

ही शेवटची टोळी झोंगुलडाकची, कोळशाच्या खाणींच्या मुलखातली म्हातारीकोतारी. चौथ्या मजल्यावर त्यातली एक बाई मटकन खाली बसली. फेरिदे तिचं नाव.

"मावशी, उठा. श्वास कोंडतोय का?"

"श्वास ठीक आहे, बाळा. तू यांना वर पाठव."

बावन्न वर्षांचं बाळ मनातल्या मनात वैतागलं. पण त्याने बाकीच्यांना निळ्या बाणांच्या मागे जायला सांगितलं. ते वर गेले. त्यांचे आवाज विरल्यावर फेरिदेने विचारलं, "इथे दिवा नसलेली खोली आहे?"

"आहे. कोठार आहे एक. कशाला?"

"माझा नवरा एकवीस वर्षं खाणीत उतरला. बायकांना तिथे नेत नसत. खाली कसं असतं विचारलं की म्हणायचा, 'काळं असतं. वाढ जेवायला.' एक दिवस तो खालीच राहिला. आणला तेव्हा झाकलेलाच होता. मला ते काळं बघायचंय."

आडमार्गाने नेणं नियमात बसत नव्हतं. पण वाद घालायचंही त्राण रेमझीत उरलं नव्हतं. त्याने तिला हात धरून उठवलं, वाकत वाकत कोठारात नेलं आणि हातातली बॅटरी विझवली.

इतक्या वर्षांत त्याने ती इथे कधीच विझवली नव्हती. डोळे उघडे की मिटलेले, तेही कळेना.

"स्वतःचा हातही दिसत नाही रे," ती म्हणाली.

"नाही दिसत, मावशी."

"त्याला दिवा लावूनच झोप लागायची," ती हळूच म्हणाली. "मी रोज भांडायचे. म्हणायचे, लहान पोर आहेस का? तो झोपला की उठून दिवा मालवायचे मी. एकवीस वर्षं, रेमझी. रोज मालवला."

ती रडली नाही. रेमझीने चाचपडत बॅटरीचं बटण शोधलं.

"थांब. एवढ्यात नको," ती म्हणाली.

तो थांबला.

वर यायला दोघांना अर्धा तास लागला. दर दहा पायऱ्यांवर कधी ती टेकायची, कधी तो. बाहेर ऊन सुळक्यांच्या टोकांवर गेलं होतं. बसवाला भोपळ्याच्या बिया फोडत उभा होता.

"कुठे मेला होतात? सगळे खोळंबलेत!"

"पाय आखडला होता," रेमझी म्हणाला.

"म्हातारीचा?"

"माझा. त्यांनीच आणलं मला वर."

फेरिदेने त्याच्या दंडावर दोनदा थोपटलं आणि बसमध्ये चढली. बस वळणाआड गेली. रेमझीने कठड्यावर बसून बूट काढले. तिकिटाच्या खिडकीतून नुर्जान ओरडली, "उद्या आठला पहिली टोळी आहे हो!"

"येतो," तो म्हणाला, आणि तसाच बसून राहिला.