कलम बारा

खटला मीच रचला होता, आणि रचताना मला वाटलं होतं की मी फार हुशार आहे.

खटला असा: सोळा वर्षांची एक मुलगी. लहानपणीच आजीनं तिला आपली म्हणून नेलं आणि वाढवलं. आता आजी शहरात राहायला निघाली आहे, आणि मुलीची जन्मदाती आई म्हणते, माझी मुलगी मला परत द्या. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराला धरून निकाल द्यायचा. मी नावं बदलली होती, गाव नदीपलीकडचं घातलं होतं. दहावीच्या वर्गात अकरा पोरं. आठवड्यातून कायद्याचा एक तास, तोही कवायतीनंतर, म्हणजे निम्मी धापा टाकत असतात.

शेवटच्या बाकावरचा मक्सात कागद वाचून म्हणाला, "बाई, नावं कशाला बदललीत? आमच्या गल्लीतल्या कुठल्याही घरात शिरा, हाच खटला."

सगळे हसले. खरंच होतं ते. थोरलं नातवंड आजी-आजोबांचं, हा आमच्याकडचा रिवाज. अकरातली चार पोरं आजीला आई म्हणतात आणि आईला वहिनी. त्या चारांतली एक पहिल्या बाकावर बसते, जिबेक. शाळेत ती मला बाई म्हणते, घरी वहिनी. ती माझी मुलगी आहे.

माझ्या सासूबाईंचं हृदय आता थकलं होतं. धाकटा दीर तिलेक त्यांना राजधानीत, बिश्केकला, न्यायला येणार होता. जिबेकनं त्यांच्याबरोबर जायचं की आमच्याकडे यायचं, ते रविवारी घरातली मोठी माणसं बसून ठरवणार होती. या रविवारची मी पंधरा वर्षं वाट बघितली होती. करारातलं सातवं कलम सांगतं की होईल तितकं आईवडिलांनीच सांभाळावं, हा मुलाचा हक्क आहे. ते मला वर्गातल्या पोरांच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं, म्हणजे जिबेकच्या कानांवर पडेल. शिकवणं कसलं, लबाडी होती ती.

मग चिठ्ठ्या टाकल्या. न्यायाधीशाची चिठ्ठी जिबेकला आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मक्सात आईचा वकील झाला. त्यानं सातवं कलम घडाघडा वाचलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "माझी अशील रडते आहे, न्यायाधीशबाईंनी एकदा बघावं तरी."

"रडू दे," जिबेक म्हणाली. "दिली तेव्हा रडली होती का, ते विचार तिला."

"ते कागदावर लिहिलेलं नाही."

"मग नसेल रडली." तिनं वही मिटली. "निकाल देते. कलम बारा. मुलीच्या आयुष्याचा निर्णय घेताना मुलीला विचारलं पाहिजे. मुलगी म्हणते, मी आजीकडेच राहणार. आणि आईचं म्हणणं हे कोर्ट ऐकणार नाही. जिनं दिली, तिनं आपला हक्कही तेव्हाच दिला. घोडा देऊन टाकल्यावर लगाम कोण मागतं?"

वर्गानं बाकं वाजवली. मी खडू हातात घेऊन उभी. मास्तरकी आठवली म्हणून म्हणाले, "कलम बारा सांगतं की मुलाचं ऐकून घ्या आणि वय, समज बघून त्याला वजन द्या. मूल म्हणेल तेच होईल, असं त्यात नाही."

"पण ऐकून तरी घेतात ना, बाई?" जिबेक म्हणाली. माझ्याकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवेना.

सासूबाईंची गाय पिळायला मी रोज संध्याकाळी जुन्या घरी जाते. दूध आत ठेवलं की जिबेक मला चहा देते. आमच्याकडे चहा दोन घोटांपुरताच ओततात, संपला की पुन्हा दोन घोट. म्हणजे बसा, घाई नाही. पेला काठोकाठ भरून दिला की पाहुण्यानं समजावं, आता उठा. त्या संध्याकाळी तिनं माझा पेला काठोकाठ भरला. दुसऱ्या दिवशीही भरला. सासूबाईंनी बघितलं. मी उभ्या उभ्या घशाखाली ओतला आणि घरी गेले. भाजला घसा, पण ते कुणाला सांगायचं?

रविवारी दुपारी जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाभोवती सगळे बसले. उकडलेलं मटण झालं, हात धुऊन झाले. जुमाबाय काका माझ्या नवऱ्याचे, एर्मेकचे चुलते. घरात शेवटचा शब्द त्यांचा. ते दाढी कुरवाळत म्हणाले, "तिलेककडे दोन खोल्या. त्यात त्याची बायकापोरं, त्याची आई आणि तिची औषधं. पोरीला तिथं कुठं कोंबता? पोर एर्मेककडे जाईल. काय गुलबारा, आता तरी झालं तुझ्या मनासारखं?"

मी मान खाली घातली. सुनेनं गप्प बसणं म्हणजे होकार, हे आमच्याकडे लेकरालाही ठाऊक असतं. नुसतं गप्प बसायचं होतं मला. कोपऱ्यात जिबेक समोवारापाशी बसून चहा ओतत होती. वर बघत नव्हती, पण पेला भरून वाहू लागला तरी तिचा हात तोटीवरच होता. ज्या गप्प बसण्यानं माझी मुलगी गेली होती, त्याच गप्प बसण्यानं ती मला परत मिळणार होती. मिळू दे की, असं माझं निम्मं मन ओरडत होतं.

"तिला विचारा," मी म्हणाले.

"कुणाला?" काकांना खरंच कळलं नाही.

"जिबेकला. तिच्या आयुष्याचं ठरतंय. तिला कुणी विचारलंच नाही."

"शाळेतला कायदा शाळेत ठेव, सूनबाई. इथं आम्ही बसलोय ते काय माशा मारायला?"

एर्मेक माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "अगं, हातातोंडाशी आलेला घास आहे. गप्प बैस की."

सासूबाईंनी उशीवरून मान उचलली. "विचारा. तोंड दिलंय तिला देवानं."

जिबेकनं तोटी बंद केली. "मी आईबरोबर जाणार. खोलीत जागा नसली तर स्वयंपाकघरात झोपेन. रात्री तिला औषध कुठलं द्यायचं ते मलाच माहितीये."

उत्तर मला ठाऊकच होतं. ती 'आई' म्हणाली होती आणि त्या शब्दात मी कुठेच नव्हते. मी उठायला लागले. भांडी घासायचं निमित्त सुनेला नेहमी असतंच.

"थांब, वहिनी. मला अजून एक विचारायचंय." ती माझ्याशी नाही, सगळ्यांशी बोलत होती. "मला दिलं तेव्हा वहिनीला कुणी विचारलं होतं?"

काका हसले. "त्यात विचारायचं काय? एकोणीस वर्षांची पोर ती. गप्प होती, म्हणजे झालं."

"गप्प होती," सासूबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागत होती, मधे थांबून बोलत होत्या. "तुझं दूध तुटलं त्या आठवड्यात मी तुला उचलून आणलं. म्हटलं, ही माझी. तिनं मान लववली. मी आत येऊन दार लावलं. ती बाहेर गोठ्यापाशी बसून रडत होती, अंधार पडेपर्यंत. मला ऐकू येत होतं गं."

"मग तू विचारलं नाहीस?"

"नाही विचारलं. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती."

जिबेक माझ्याकडे वळली. "म्हणाली असतीस, वहिनी?"

पंधरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी केला नव्हता. नवऱ्यानंही नाही. माझ्या सख्ख्या आईनंही नाही. सासूबाई समोर होत्या, काका होते, आणि मी सून होते.

"हो," मी म्हणाले. "नाही म्हणाले असते."

काकांनी खाकरून काहीतरी सुरू केलं आणि सोडून दिलं. सासूबाईंनी डोळे मिटले, आणि त्यांचा हात गादीवर सरकत सरकत माझ्या गुडघ्यापर्यंत आला. मी तो राहू दिला.

जिबेकनं माझ्यासमोरचा गार झालेला पेला उचलला, चहा ओतून टाकला, पेला विसळला आणि नवा चहा घालून माझ्या हातात दिला. तळाशी दोन घोट होते. मी ते प्यायले आणि पेला पुढे केला. तिनं पुन्हा दोन घोट ओतले. गुरुवारी ती बिश्केकला जाणार होती. गाई परतल्या, काका निघाले, एर्मेक दोनदा दारात येऊन गेला, आणि ती अजून माझ्या पेल्यात दोन-दोन घोट ओतत होती.