मराठी तक्ता

डोळा झाकायचा काळा चमचा रवळू गुरुजींनी टेबलावर आपटला आणि खुर्चीत ताठ होत ते म्हणाले,

“न्हाय वाचणार. कानडी अक्षर मी वाचणार न्हाय!”

समोरच्या भिंतीवर उजळलेल्या पेटीत कन्नड अक्षरं ओळीओळीनं लहान होत खाली उतरली होती. बेळगावच्या त्या रुग्णालयात नेत्रविभागात आलेले इंटर्न नजर तपासायला शिकत होते, आणि गुरुजी प्रशिकच्या वाट्याला आले होते.

“मग इंग्लिश लावू का, आप्पा?” प्रशिकशेजारच्या आयुष या इंटर्ननं विचारलं.

“का? गोऱ्यांचं राज्य आलं व्हय रं परत?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. शिकवणाऱ्या डॉ. हुक्केरी मॅडमनी केसपेपरावरून मान वर केली नाही.

“ई-चार्ट लावा. वाचता येत नाही त्यांच्यासाठीच असतो तो. ‘E’चे दात कुठल्या बाजूला, तेवढं बोटानं दाखवायचं.”

गुरुजींच्या मानेची शीर फुगली.

“वाचता येत न्हाय त्यांचा? मला? नंदगडच्या अंगाची गावंच्या गावं मी बाराखडीला बसवली, बाई. मला अंगठेबहाद्दर समजलात?”

“बरं. ‘सहकार्य करत नाहीत’ असं लिही, प्रशिक, आणि पुढचा पेशंट घे.”

प्रशिकनं पेन उचललं, आणि तसंच परत ठेवलं. तो मुळात अबोल. निपाणीहून इथे आल्यापासून त्याच्या अडखळत्या कन्नडवर वॉर्डात उमटणारं हसू तो मुकाट गिळत आला होता, आणि गिळलेलं ते सगळं कुठे साचत गेलं, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. आज ते घशाशी आलं.

“लिहिणार नाही, मॅडम.”

आता मॅडमनी मान वर केली.

“यांच्या नजरेत दोष आहे की नाही, ते आपण अजून बघितलंच नाही. आपल्या भिंतीवर यांची भाषा नाही, आणि शिक्का मात्र यांच्या कागदावर! आयुष्यभर अक्षरं शिकवली त्या माणसाला आपण दात दाखवायला सांगतो.” त्याचा आवाज चिरकला. त्यानं हात ॲप्रनच्या खिशात कोंबले.

मॅडमनी त्याच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं.

“मराठी तक्ता कपाटामागं आहे. घेऊन ये. भाषण नंतर कर.”

गुंडाळी धुळीनं माखली होती. ती ॲप्रननंच पुसत त्यानं खिळ्याला अडकवली, खालच्या कडेची वळी सरळ केली आणि मॅडमकडे पाहत, शब्द मुद्दाम सुटेसुटे करून म्हणाला,

“वाचा, गुरुजी. आता तुमचंच अक्षर आहे.”

गुरुजींनी टोपी नीट केली. खाकरले. मग शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा घोटीव आवाजात सुरू झाले,

“क... ख... ग... घ...”

प्रशिकनं समाधानानं तक्त्याकडे मान वळवली.

वर एकटा ‘र’ होता. त्याखाली ‘ट’ आणि ‘म’.

“च... छ... ज... झ...”

कुणीही हसलं नाही. मॅडमनी हातातला केसपेपर खाली ठेवला. इतका वेळ ज्याच्या जोरावर तो उभा होता, तो राग आता कुणावर धरावा हे प्रशिकला कळेना. खोली ओलांडून तो गुरुजींसमोर हाताच्या अंतरावर जाऊन उभा राहिला आणि त्यानं तीन बोटं वर केली.

“गुरुजी, बोटं किती?”

अक्षरं ‘ठ’पाशी थांबली. गुरुजींनी आवाजाच्या रोखानं चेहरा वळवला. नजर प्रशिकच्या खांद्यावरून कुठंतरी पलीकडे गेली.

“किती आहेत, गुरुजी?”

“हळू बोल रं.” आवाजातली सगळी धार उतरली होती. “आदी दार लाव. भाईर माझी शाळंतली पोरं बसल्यात. त्यांस्नी वाटतंय, चष्म्याचा नंबर तेवढा बदललाय.”

बाहेरच्या बाकावर केस पिकलेले दोघे जण गुरुजींची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्यातला एक प्रशिककडे बघून हसला.

प्रशिकनं डाव्या हातानं दार लोटलं, कडी घातली. उजव्या हाताची तीन बोटं अजून वरच होती.